दुसऱ्या पुस्तकाची साक्ष

सईचा फोन आला तेव्हा मी रास अल खैमात बू राशिदच्या अंगणात फाटकाची बिजागरी बदलत होतो. सई म्हणजे माझी भाची, धाकट्या बहिणीची मुलगी. "मामा, बाबा गेले... ही इज गॉन, मामा," एवढंच बोलली आणि पुढे नुसता तिचा श्वास ऐकू येत राहिला. माझ्या हातातला ग्राइंडर चालूच होता. तो बंद करायचं मला सुचलं नाही. बू राशिद सावलीत बसून माझं काम बघत होता. माझा अरबाब, म्हणजे मालक; माझ्यापेक्षा थोरला माणूस. चार पावसाळे जास्त पाहिलेला म्हणावं तर या देशात पावसाळा नाही, म्हणून उन्हाळे म्हणतो. तो काठी टेकत उठला, भिंतीतलं बटण त्यानं स्वतः बंद केलं आणि विचारलं, "कौन?" मी म्हटलं, "दाजी." त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अल्ला रहम करे," म्हणाला. मग खालच्या आवाजात विचारलं, "मिस्त्री, उसने मेरा बंदूक का फैसला किया था?"

मला त्याचा राग आला नाही. म्हातारा माणूस मनात असेल ते बोलतो, मीही बोलतो. मी म्हटलं, "बाद में, अरबाब." आणि गाडीत बसून शारजाच्या रस्त्याला लागलो. दाजींविषयी लिहायला बसलो की मला त्या प्रश्नापासूनच सुरुवात करावी लागते. कारण त्याचं उत्तर दाजी मला सांगून गेले होते, आणि ते उत्तर बू राशिदला चालणारं नव्हतं.

गेलेल्या माणसाला मनमिळाऊ म्हणायची रीत आहे. दाजी मनमिळाऊ नव्हते. सुधाकर त्यांचं नाव, पुण्याचे, माझ्या धाकट्या बहिणीचे, कुंदाचे यजमान. मी कऱ्हाडकडचा, चौथी शिकलेला. वेल्डिंग शिकून या देशात आलो, इथल्या सिमेंट कारखान्यांना टाक्या आणि पत्र्याची कामं करून देत वर्कशॉप उभं केलं, आणि कुंदाला मात्र कॉलेजात घातलं. तिला शिकलेला नवरा मिळाला याचा मला अभिमान होता आणि त्याच शिकलेपणाचा त्रासही होता. दाजी एका कंपनीत क्वालिटीच्या खात्यात होते. म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या कामात खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्याकडे जेवायला आले तर मी केलेल्या जिन्याच्या कठड्यावर बोट फिरवत म्हणाले, "अण्णा, इथं सांधा थोडा उंच राहिलाय." मी म्हटलं, "दाजी, जिना चढायला केलाय, कुरवाळायला नाही." ते हसले नाहीत. जेवताना परत एकदा त्या कठड्याकडे बघून घेतलं.

ह्या माणसाला बंदुकांचा नाद होता. बंदुका उडवायचा नव्हे. बहुतेक त्यांनी जन्मात एकही गोळी झाडली नसेल. त्यांचे वडील खडकीला सरकारी कारखान्यात होते, आणि जुनी हत्यारं कशी ओळखायची, कुठल्या कारखान्याचा ठसा कसा असतो, कुठल्या साली खटका बदलला, हे पोरवयात त्यांच्या कानावर पडलं होतं. पुढे जुन्या बंदुका जमवायच्या असं त्यांनी ठरवलं. पण त्यांचा नियम होता, आधी पुस्तक, मग बंदूक. पुस्तक नसताना बंदूक घेतली की माणूस फसतो म्हणायचे. म्हणून पुस्तकं घ्यायला लागले. विलायतेची, जर्मनीची, अमेरिकेची. जाडजूड, चकचकीत कागदाची, आत एकेका स्क्रूचे फोटो. या देशात आल्यावर तर बंदुकीचा प्रश्नच मिटला. व्हिसावरचा माणूस, घरात हत्यार कसलं ठेवतो! पण पुस्तकं येतच राहिली. शारजात अल नहदाच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये हॉलची एक अख्खी भिंत त्यांनी भरली. टीव्ही बेडरूममध्ये गेला. कुंदा म्हणायची, "लोकांच्या घरात देवघर असतं, आमच्याकडे दारूगोळा." मी एकदा विचारलं, "दाजी, मग बंदूक कधी?" तर शांतपणे म्हणाले, "पुस्तकं पुरी झाली की."

दुसरा एक नियम होता, तो मला पुढे महाग पडला. कुणी जुन्या बंदुकीचा फोटो दाखवून विचारलं, ही कुठली, तर दाजी एका पुस्तकावर कधी बोलायचे नाहीत. दोन काढायचे. दोन वेगळ्या माणसांनी, वेगळ्या ठिकाणी बसून लिहिलेली. दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी उघडी ठेवायचे, मधल्या जागेत फोटो ठेवायचे, आणि दोन्हीकडे एकच गोष्ट मिळाली तरच तोंड उघडायचे. नाही मिळाली तर "माहीत नाही." पाहुणा चहा पिऊन निघून जायचा तरी "माहीत नाही." मी म्हणायचो, "अंदाज तरी सांगा की." ते म्हणायचे, "अण्णा, एक पुस्तक म्हणजे एकाच माणसाची साक्ष. एका साक्षीवर कुणाला फाशी देतात का?" फाशीचा काय संबंध हे मला कळायचं नाही. पण बोलणं असं असायचं की समोरच्याला गप्प बसावं लागे.

आता बू राशिदचं सांगतो. माझं वर्कशॉप त्याच्या जागेवर आहे आणि लायसन्सवर त्याचं नाव आहे, कारण आधी परक्याला इथल्या माणसाच्या नावाशिवाय धंदा करता येत नसे. नवे कायदे आले, लोकांनी आपापल्या नावावर करून घेतलं. मी नाही केलं. इतकी वर्षं त्यानं शब्द पाळला, मी कशाला मोडू? पण याचा दुसरा अर्थ असा की तो फिरला तर माझं शटर खाली. माझ्या हाताखालच्या माणसांचे व्हिसे त्याच लायसन्सवर आहेत. हे त्याला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि आम्ही दोघं कधी बोलत नाही. त्याच्या मजलिसमध्ये, म्हणजे पुरुषमाणसं बसायच्या त्या मोठ्या खोलीत, भिंतीवर एक जुनी रायफल टांगलेली असते. खालचा दांडा ओढला की तिचं पोट उघडतं आणि एकच गोळी आत जाते. लोक तिला मार्टिनी म्हणतात. तिच्यावर मुकुटाचा ठसा आहे. परवाना, कागद, सगळं त्यांचं रीतसर. त्याच्या आजोबांची बंदूक. डोंगरातले लोक हे, त्यांच्यात आजोबांची बंदूक म्हणजे आपल्यात देव्हाऱ्यातला टाक.

नातवाचं लग्न ठरलं तेव्हा म्हातारा मला म्हणाला, "मिस्त्री, तुम्हारा वो किताबवाला दाजी है ना, उसको लाओ." लग्नात पुरुष हातात बंदुका, काठ्या घेऊन नाचतात तेव्हा ही रायफल बाहेर निघणार होती. अबू धाबीहून मोठी माणसं येणार होती. त्यांच्यासमोर त्याला सांगायचं होतं, ही विलायतेच्या राणीच्या कारखान्यात अमुक साली झाली, बघा, किताबात लिहिलंय. मला आनंद झाला. माझ्या घरचा माणूस अरबाबच्या मजलिसमध्ये मानानं बसणार! मीच दाजींना गाडीत घालून नेलं. खजूर झाले, कॉफी झाली. बू राशिदनं रायफल स्वतः भिंतीवरून काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. तेव्हा मी दाजींचा चेहरा पाहिला. लग्नात नवरी पहिल्यांदा बघणाऱ्या माणसासारखा. आयुष्यभर पुस्तकात पाहिलेली वस्तू मांडीवर आली होती, आणि तिला हात कुठं लावावा ते त्यांना कळत नव्हतं. त्यांनी आधी रुमालानं हात पुसले.

मग भिंग काढलं. ठसे बघितले, फोटो घेतले, सोबतचं पुस्तक उघडलं. आणि त्यांचा हात थांबला. मी इतकी वर्षं त्यांना ओळखतो. खोट सापडली की ते पापणी हलवत नाहीत. बू राशिद पुढे वाकला. "हाँ? राणी का है ना?" मजलिसमध्ये त्याचा थोरला मुलगा राशिद बसला होता, दोघं-तिघं नातलग होते. दाजी म्हणाले, "बाबा, मुझे एक किताब और देखनी पड़ेगी." म्हातारा खूश झाला. त्याला वाटलं, केवढा मोठा विद्वान, एका पुस्तकावर भागत नाही याचं. मी मात्र गाडीची किल्ली हातात घेतली.

गाडीत बसल्यावर दाजींनी सांगितलं. ठशात मुकुटाखाली राणीची अक्षरं आहेत आणि त्याखाली साल कोरलंय. त्या साली राणी जिवंत नव्हती, तिचा मुलगा गादीवर होता. कारखान्यातला माणूस असली चूक करत नाही. तिकडे सरहद्दीच्या डोंगरात, खैबरच्या बाजूला, गावठी लोहार विलायती बंदुका समोर ठेवून हातानं तशाच बनवत. ठसे नुसते चित्रासारखे उतरवून घेत, त्यांचा अर्थ त्यांना ठाऊक नसे. तिथून व्यापाऱ्यांच्या गलबतातून त्या इकडे येत. "म्हणजे नकली?" मी म्हटलं. "तसं दिसतंय. पण मूळची विलायती असून पुढे दुरुस्तीत कुणी साल घातलेलं असू शकतं. त्या नकलांवर एक वेगळं पुस्तक आहे, ते माझ्याकडे नाही. मागवतो."

मी गाडी बाजूला घेतली. म्हटलं, "दाजी, कशाला मागवता? सांगून टाका, विलायती आहे. कुणाचं काय बिघडतं? म्हाताऱ्याला लग्नात चार शब्द बोलायचेत." ते म्हणाले, "तो माझ्या पुस्तकाचं नाव घेऊन बोलणार आहे." मी म्हटलं, "पुस्तकाला काय अब्रू असते? माझ्या माणसांना पोरंबाळं आहेत." त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. रास अल खैमाचे ते कोरडे डोंगर... "अण्णा," म्हणाले, "तुम्ही कच्चा वेल्ड मारून टाकी देता का? वरून रंग चांगला दिसतो म्हणून?" मला ते लागलं. पण टाकी फुटली तर माणूस मरतो, बंदुकीचं साल चुकलं तर कोण मरतं? हे मी तेव्हाही बोललो आणि आजही माझं मत तेच आहे. शिकलेल्या माणसानं दिलेली प्रत्येक उपमा बसतेच असं नाही.

पुस्तक विलायतेहून निघालं आणि इथं पार्सलच्या ऑफिसात अडकलं. दाजींना बोलावणं आलं. त्यांनी कुंदाला सांगितलं नाही, मला सांगितलं. त्यांच्या छातीत आधीच एक स्टेंट होता; धावपळ नको असं डॉक्टरांनी बजावलेलं. मी म्हटलं, "मी येतो, गाडी मी चालवतो." काउंटरवर तरुण स्थानिक अधिकारी होता, इस्त्रीचा पांढरा पायघोळ कंदुरा, आवाज अगदी मऊ. मऊ आवाजाची मला जास्त भीती वाटते. त्यानं खोका उघडला. वेष्टणावरच भलीमोठी रायफल. पानं उलटली, सगळीकडे नळ्या, खटके, गोळ्या. पासपोर्ट मागितला. इंग्रजीत विचारलं, तुमच्याकडे बंदूक आहे का? दाजी म्हणाले, नो सर. मग ही पुस्तकं कशाला? "ओन्ली टू रीड." घरी अशी आणखी आहेत का? आता इथं कुणीही शहाणा माणूस म्हणेल, एखाद-दुसरं आहे. दाजी म्हणाले, "येस सर. वन फुल वॉल." मी त्यांच्या कोपराला चिमटा काढला. त्यांनी हात बाजूला घेतला.

अधिकाऱ्यानं त्यांच्याकडे पाहिलं. हिंदीवर आला. "बंदूक नहीं, और दीवार भर के किताब. क्यों?" दाजी म्हणाले, "सर, जिसके पास बंदूक है वो बंदूक से पूछता है. मेरे पास पूछने के लिए किताब ही है." तो हसला नाही. पुस्तक आणि पासपोर्ट घेऊन आत गेला. आम्ही लोखंडी खुर्च्यांवर बसलो. एसीची थंडी अशी की हाडं वाजावीत, आणि दाजींच्या कपाळावर घाम. माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं. आता घरी येतील, भिंत बघतील, कुंदाला विचारतील, सईची नोकरी... मी म्हटलं, "बसलात ना आता पुस्तक वाचत?" ते म्हणाले, "अण्णा, पाणी आहे का?" मी पाणी आणलं. आतून एक वयस्क साहेब आला. पुस्तक काउंटरवर ठेवलं, पासपोर्ट त्याच्यावर ठेवला. "बुक ओके. गन नॉट ओके. अंडरस्टँड?" "येस सर." "खलास." बाहेर आल्यावर दाजींनी उन्हात उभं राहून पहिलं काय केलं असेल, तर पुस्तकाचे कोपरे दुमडलेत का ते तपासलं.

ती आमची शेवटून दुसरी भेट. शेवटची अल नहदात, त्यांच्या हॉलमध्ये. कुंदा खाली भाजी आणायला गेली होती. टेबलावर दोन पुस्तकं उघडी, मधे बू राशिदच्या रायफलचे फोटो. त्यांनी मला पानं दाखवली. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण चित्र बघता येतं. नव्या पुस्तकात तसाच मुकुट, तशीच अक्षरं, आणि खाली तसंच मेलेल्या राणीचं साल; खटक्याच्या बाजूचे स्क्रू एकसारखे नाहीत, तेही तसंच. "दोन्ही साक्षी जुळल्या," ते म्हणाले. आवाजात आनंद नव्हता. "शुक्रवारी जाऊ. मी सांगतो, तुम्ही बाहेर थांबा." मी म्हटलं, "बाहेर कशाला थांबू? पोटावर पाय माझ्याच पडणार, मग बघतो तरी कसा पडतो ते." तेव्हा ते हसले. क्वचित हसायचे, आणि हसले की खोकायचे. "तुम्ही हट्टी आहात अण्णा," म्हणाले. मी म्हटलं, "आणि तुम्ही?" ... शुक्रवार आलाच नाही. त्याच्या आधीच फाटकापाशी उभा असताना मला सईचा तो फोन आला.

शारजातच अग्नी दिला. कुंदाचा व्हिसा दाजींच्या नोकरीवर, भाड्याचा फ्लॅट त्यांच्या नावावर; दोन्ही सुटणार होतं. कुंदाला सईच्या अल बर्शातल्या घरी जायचं होतं, आणि ते घर एवढंसं. पुस्तकांचं काय, हा प्रश्न तेराव्याच्या आतच निघाला. सईनं जुनी पुस्तकं घेणारा एक माणूस बोलावला. त्याला रंगीत फोटोंची तेवढी हवी होती, बाकी नको. तो त्यातली निवडून बाजूला काढायला लागला तसा मी उठलो. म्हटलं, "ठेव खाली. यातली दोन नेलीस तर बाकीची मुकी होतील." त्याला मराठी कळली नाही, पण माझा आवाज कळला. सई म्हणाली, "मामा, बी प्रॅक्टिकल, प्लीज." कुंदा भिंतीला टेकून बसली होती. तिथूनच म्हणाली, "अण्णा, तुला एक अक्षर तरी येतं का वाचता त्यातलं?" मी म्हटलं, "नाही येत. पण ठेवता येतं." पुस्तकं माझ्या पिकअपमध्ये भरून रास अल खैमाला आणली. वर्कशॉपच्या मागच्या खोलीत लोखंडी अँगलचे कप्पे केले. सांधे घासून सपाट केले. सगळे.

लग्न जवळ आलं. बू राशिदचा निरोप आला, "मिस्त्री, वो बाद में कब आएगा?" मी दोन पुस्तकं घेतली. दाजींनी पानांत कागदाच्या पट्ट्या ठेवल्या होत्या, त्या तशाच होत्या. माझ्यापुढे रस्ता सोपा होता. दाजी गेले, त्यांनी काय पाहिलं ते मी सोडून कुणाला माहीत नाही. "राणीची आहे अरबाब," एवढं म्हणायचं होतं. वाटेत गाडीत मी ते वाक्य म्हणूनही बघितलं. जमत होतं. तोंडात अगदी नीट बसत होतं.

मजलिस भरलेली. राशिद होता, त्याचे भाऊ, लग्नासाठी आलेले पाहुणे. मी म्हटलं, "अरबाब, अकेले में." म्हातारा म्हणाला, "इधर सब मेरा आदमी है. बोलो, किताब क्या बोला?" रायफल त्याच्या मांडीवर होती. मी गालिच्यावर दोन्ही पुस्तकं उघडली, शेजारी शेजारी. मधली जागा मोकळी ठेवली. का ठेवली ते सांगता येत नाही... हातानं ठेवली. मग म्हटलं, "अरबाब, बंदूक यहाँ रखो." त्यानं ठेवली. आणि ती तशी दोन पुस्तकांच्या मधे आल्यावर मला ते वाटेतलं वाक्य म्हणता येईना. दाजी तिथं बसलेत असं काही वाटलं नाही, उगाच भुताखेतांचं मी सांगत नाही. वाक्य मुकुटाला बसत नव्हतं, एवढंच. मी बोट ठेवून दाखवलं. हा इथला मुकुट, हा तुमच्या बंदुकीवरचा, हा दुसऱ्या पुस्तकातला. ही अक्षरं राणीची. हे साल, तेव्हा राणी नव्हती. "अरबाब, ये विलायत का नहीं है. सरहद के पहाड़ में, हाथ से बनाया हुआ है. दो किताब एक ही बात बोलता है."

कॉफी ओतणाऱ्याचा हात थांबला. राशिद उभा राहिला, अरबीत काहीतरी फाडकन बोलला, मग मला हिंदीत, "तुमको मालूम है किसके घर में बैठा है?" मी म्हटलं, "मालूम है. इसीलिए बोला." माझे गुडघे दुखत होते, पण मी उठलो नाही. म्हाताऱ्यानं हात वर केला. राशिद बसला. बू राशिद खाली वाकून बघत राहिला, एकदा या पानाकडे, एकदा त्या. मग त्यानं विचारलं, आणि हे मला अपेक्षित नव्हतं, "पहाड़ का लोहा... कच्चा होता है?"

उत्तराची त्यानं वाट बघितली नाही. तो बोलायला लागला. मला सांगत होता की स्वतःच्या पोरांना, कळत नव्हतं. याच बंदुकीनं त्याच्या आजोबांचा उजवा डोळा गेला होता. चाप ओढला आणि मागून आग आली. सगळ्या वाडीत झालं, याला बंदूक चालवता येत नाही, घाईत काहीतरी उलटसुलट भरलं. बंदूक राणीची, राणीची बंदूक चुकेल कशी? चुकला असेल तर हा. आजोबा कधी काही बोलले नाहीत. माणसांत बसायचे ते उजवी बाजू भिंतीकडे करून. "मेरा बाप भी यही बोलता था," म्हातारा म्हणाला, "बंदूक अच्छा, आदमी कच्चा." त्यानं माझा हात धरला. "मिस्त्री, तुम लोहा का आदमी है. बोलो. लोहा का गलती था ना?"

आता बघा. हो म्हणायचं होतं. फक्त हो. सगळी खोली त्या एका शब्दासाठी थांबली होती. राशिदचीसुद्धा नजर बदलली होती. त्या शब्दानं म्हाताऱ्याचा आजोबा सुटला असता, माझं लायसन्स सुटलं असतं, आणि खरंही असेल कदाचित. नव्या पुस्तकात दाजींनी मला दाखवलं होतं, असल्या बंदुकांचं लोखंड पुष्कळदा मऊ असतं म्हणून. पण पुष्कळदा म्हणजे हीच का? आणि ते एकाच पुस्तकात होतं. मी त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हटलं, "मालूम नहीं, अरबाब. हो सकता है. देखना पड़ेगा."

त्यानं माझा हात सोडला. मला वाटलं, झालं, खलास. मग त्यानं रायफल उचलली, मांडीवर घेतली, आणि नळीच्या मागच्या बाजूवरून, जिथून आग आली असेल तिथून, अंगठा फिरवत राहिला. म्हणाला, "तो देखो. किताब तुम्हारे पास है ना? देखो."

लग्नात मी गेलो होतो. रायफल बाहेर निघाली, बू राशिदनं ती कुणाच्या हातात दिली नाही. अबू धाबीच्या पाहुण्यांनी विचारलं, कुठली, कधीची? मी लांब उभा होतो, पण म्हातारा मोठ्यानं बोलतो. आधी त्यानं आजोबांचं नाव सांगितलं. मग म्हणाला, अजून किताबात बघताहेत. राशिद माझ्याशी त्या दिवशी बोलला नाही, अजूनही धड बोलत नाही. लायसन्स नवं करायची तारीख यायची आहे. काय होईल ते होईल. दाजी असते तर मी त्यांच्याशी यावरून कडाक्याचं भांडलो असतो, आणि ती भांडायची जागा रिकामी झाली, हेच मला जास्त जाणवतं.

सई आता सुट्टीच्या दिवशी अल बर्शाहून येते, कुंदाला घेऊन. कुंदा त्या मागच्या खोलीत शिरत नाही, दारात खुर्ची टाकून बसते आणि "धूळ बघ किती" म्हणते. सई जमिनीवर फतकल मारून पुस्तकं काढते. पोरीनं बापाच्या हयातीत यातलं एक उघडलं नव्हतं. मी विचारतो, ती वाचते, अर्ध्या इंग्रजीत अर्ध्या मराठीत मला सांगते. परवा एकदम ओरडली, "मामा! लुक, इथं आहे! फ्लॅश ऑफ गॅस, ब्रीच ब्लॉक म्हणजे नळीच्या मागच्या झाकणातून मागे येते, बिकॉज ऑफ सॉफ्ट आयर्न... शूटरचा डोळा जाऊ शकतो. एक्झॅक्टली हेच! आपण आत्ता फोन करू या ना बू राशिदना?" तिनं फोन हातात घेतलासुद्धा. कुंदा दारातून उठून आत आली. पहिल्यांदाच आली. माझंही काळीज हललं, नाही असं नाही. मी ते नकलांवरचं नवं पुस्तक सईच्या हातातून घेतलं, टेबलावर डाव्या बाजूला उघडं ठेवलं आणि म्हटलं, "फोन ठेव खाली. दुसरं काढ."